दोन पौंडांचं मत

१३ एप्रिल १८२९ या दिवशी लंडनमध्ये दोन कायद्यांना राजाची संमती मिळाली. पहिला प्रसिद्ध आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कॅथलिकांना त्याने पार्लमेंटमध्ये बसण्याचा आणि बहुतेक सरकारी पदांचा हक्क दिला, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो ‘कॅथलिक मुक्ती’ म्हणून येतो. दुसऱ्या कायद्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. आयर्लंडच्या काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, मताधिकारासाठी लागणारं जमिनीचं उत्पन्न त्याने वर्षाला दोन पौंडांवरून दहा पौंडांवर नेलं. मतदारयादीत दोन लाखांहून जास्त नावं होती, ती साधारण ३७ हजारांवर आली. गळालेल्यांत मोठा भरणा छोट्या कॅथलिक कुळांचा होता, म्हणजे ज्यांच्या जोरावर पहिला कायदा पदरात पडला त्याच लोकांचा.

हे दोन कायदे एकत्रच वाचायला हवेत, असं माझं म्हणणं आहे. धर्माची अट उठवणं भाग पडलं की सत्ताधारी मालमत्तेची अट आणतात, आणि वगळलेल्या समाजातल्या वरच्या थराला आत घेऊन खालच्या थराला पुन्हा बाहेर काढतात. आयर्लंडमध्ये हे दोनदा झालं. दुसऱ्या खेपेचा हिशेब तर १९७० च्या दशकापर्यंत लांबला.

मुळात कॅथलिकांवरचे निर्बंध हे धर्माचं नाव घेऊन केलेलं जमिनीचं राजकारण होतं. कॅथलिकांचा युद्धात पराभव होऊन १६९१ मध्ये लिमरिकचा तह झाला, त्यानंतर डब्लिनच्या प्रोटेस्टंट पार्लमेंटने एकामागून एक कायदे केले. कॅथलिकांनी शस्त्र बाळगायचं नाही, मुलांना शिकायला परदेशी पाठवायचं नाही, पाच पौंडांहून महागडा घोडा ठेवायचा नाही. घोड्याची गोष्ट सगळे चवीने सांगतात, पण खरी मेख १७०४ च्या कायद्यात होती. कॅथलिकाने जमीन विकत घ्यायची नाही, एकतीस वर्षांपेक्षा लांब मुदतीचा पट्टा करायचा नाही. तो मेला की जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाणार. मात्र थोरल्याने धर्म बदलून सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रवेश केला, तर सगळी जमीन त्याची, आणि बाप जिवंत असतानाच स्वतःच्या शेतावर नुसता हयातीपुरता उपभोक्ता. बापलेकांत पाचर मारणारा असा कायदा करायला डोकं लागतं. कॅथलिकांच्या हातातली जमीन १७०३ सालीच १४ टक्क्यांवर आली होती. १७२८ मध्ये उरलेला मताधिकारही गेला.

तो परत मिळाला १७९३ मध्ये. फ्रान्सशी युद्ध सुरू झालं होतं आणि आयर्लंड शांत ठेवणं लंडनला गरजेचं होतं. आता कॅथलिक मत देऊ शकत होता, पण निवडून येऊन सभागृहात बसू शकत नव्हता. सदस्याला जी शपथ घ्यावी लागे तिच्यात कॅथलिक उपासना मूर्तिपूजा ठरवलेली होती. १८०१ मध्ये आयर्लंडचं पार्लमेंट लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झालं, तेव्हा पंतप्रधान पिटने हा अडथळाही दूर करू असं सूचित केलं होतं. तिसरा जॉर्ज आपल्या राज्याभिषेकाच्या शपथेवर अडून बसला आणि पिटने राजीनामा दिला. त्यानंतर पंचवीसएक वर्षं प्रश्न नुसता तुंबून राहिला.

१७९३ च्या कायद्यातला दोन पौंडांचा मतदार कोण होता, ते नीट पाहायला हवं. कुणाच्या तरी हयातीपर्यंतच्या पट्ट्याने धरलेली जमीन, आणि खंड वजा जाता वर्षाला चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, सुटतात एवढं दाखवता आलं की त्या पुरुषाला मत. जमीनदारांना हे फार सोयीचं पडलं. जितकी कुळं जास्त तितकी मतं जास्त, म्हणून त्यांनी जमिनीचे तुकडे करून मतदारांची पैदास केली. मतदान उघड असे. सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव तोंडाने सांगायचं, आणि जमीनदाराचा कारभारी समोर उभा. गुप्त मतदान यायला १८७२ उजाडावं लागलं. निवडणुकीच्या दिवशी कारभारी कुळांना हाकत मतदानाच्या गावी नेई. प्रोटेस्टंट जमीनदाराच्या हुकमाने कॅथलिक कूळ ज्याला मत देई, तो उमेदवार कॅथलिकांच्या हक्कांच्या विरोधात असला तरी कुणाला त्याचं काही वाटत नसे.

डॅनियल ओकॉनेल हा केरीमधल्या जुन्या कॅथलिक घराण्यातला, फ्रान्समध्ये शिकलेला आणि तिथल्या क्रांतीतला रक्तपात जवळून पाहून त्याची कायमची धास्ती घेतलेला वकील. वकिलीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण कॅथलिक असल्यामुळे ज्येष्ठ वकिलाचा रेशमी झगा त्याला मिळू शकत नव्हता. १८२३ मध्ये त्याने कॅथलिक असोसिएशन काढली. सभासदत्व वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. हा मध्यमवर्गाचाच क्लब झाला असता. पुढच्या वर्षी त्याने सहसभासदत्व सुरू केलं, महिन्याला एक पेनी, पूर्ण वर्गणीच्या एकविसाव्या हिश्श्यात. रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या दाराशी वही घेऊन माणूस बसे, आणि शेतमजूरही आपली पेनी टाकून वहीत नाव लिहून घेई. हजारो पौंड उभे राहिले. पैशाइतकीच मोलाची ती वही होती, कारण आयर्लंडमधल्या गरिबाचं नाव खंड, कर आणि आरोप सोडून एखाद्या वहीत स्वखुशीने चढण्याचा प्रसंग विरळाच. ज्या काळात युरोपभर राजकारण दिवाणखान्यांत चालत होतं, तेव्हा हा माणूस गावोगावच्या दारिद्र्यातून संघटना उभी करत होता. याबाबतीत त्याच्याविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे.

आणि तरीही १८२५ मध्ये त्याने एक सौदा मान्य केला. असोसिएशनवर बंदी आली होती आणि मुक्तीचं विधेयक पुढे सरकत होतं. त्यासोबत दोन ‘पंख’ जोडले होते: कॅथलिक पाद्र्यांना सरकारी पगार, आणि दोन पौंडांच्या मतदारांचा मताधिकार रद्द. लंडनला गेलेला ओकॉनेल दोन्हींना राजी झाला. कुळांचं मत हे तसंही जमीनदाराचंच मत, ते गेलं तर गेलं, असा त्याचा हिशेब. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. विधेयक लॉर्डांच्या सभागृहात पडलं, म्हणून तो सौदा त्या वेळी टळला.

वर्षभरातच कुळांनी त्याचा हिशेब चुकीचा ठरवला. १८२६ च्या निवडणुकीत वॉटरफर्ड काउंटीत बेरेसफर्ड घराण्याचा उमेदवार उभा होता. ती जागा पिढ्यानपिढ्या त्यांची वतनदारी. तिथली कुळं जमीनदारांच्या तोंडावर नाही म्हणाली आणि मुक्तीला पाठिंबा देणाऱ्या व्हिलियर्स स्टुअर्टला त्यांनी मतं दिली. आणखीही काही काउंट्यांत असंच घडलं. सूड लगेच आला: थकलेला खंड एकरकमी भरा, नाहीतर जमीन सोडा. बंदीनंतर नव्या रूपात उभ्या राहिलेल्या असोसिएशनने पेनीच्या निधीतून अशा कुळांना मदत केली. ओकॉनेलने आपलं मत बदललं आणि या मतदारांच्या रक्षणासाठी वेगळी संघटनाच काढली.

मग क्लेअर काउंटी. १८२८ च्या उन्हाळ्यात तिथला खासदार व्हेसी फिट्झजेराल्ड मंत्री झाला. त्या काळच्या नियमाने मंत्री झालेल्याला पुन्हा निवडून यावं लागे. गंमत अशी की फिट्झजेराल्ड कॅथलिकांच्या बाजूचा होता, जमीनदार म्हणूनही बरा होता. त्याला पाडण्यात व्यक्तिगत काही नव्हतं. पंतप्रधान वेलिंग्टनच्या सरकारात जाणारा कुणीही पाडायचा, हा निर्णय होता. उभं राहायला प्रोटेस्टंट उमेदवार मिळेना, तेव्हा ओकॉनेल स्वतः उभा राहिला. कॅथलिकाने उभं राहू नये असं कायद्यात कुठे होतं? अडथळा होता तो निवडून आल्यानंतरच्या शपथेचा.

एनिस गावात पाच दिवस मतदान चाललं. हजारोंनी लोक जमले होते, रस्त्याच्या कडेला झोपत होते, आणि व्हिस्कीला कुणी शिवत नव्हतं. आयरिश निवडणूक आणि दारू नाही, यानेच अधिकाऱ्यांना घाम फुटला असणार. दंगा झाला असता तर सैन्य घालता आलं असतं, शिस्तीला काय करणार? सर एडवर्ड ओब्रायन हा तिथला बडा जमीनदार आपल्या कुळांसह फिट्झजेराल्डसाठी आला, आणि कोरोफिनच्या फादर मर्फीने त्या कुळांना गाठून आयरिश भाषेत चार शब्द ऐकवले. कुळं मालकाला सोडून ओकॉनेलकडे गेली. त्या माणसांनी कशावर पाणी सोडलं ते डोळ्यांसमोर आणून पाहा. नाव मोठ्याने उच्चारायचं आहे, ऐकणाऱ्यांत मालक आहे, घरी परत त्याच्याच जमिनीवर जायचं आहे. निकाल: ओकॉनेल २०५७, फिट्झजेराल्ड ९८२.

वेलिंग्टन आणि गृहमंत्री पील दोघेही मुक्तीचे जुने विरोधक. पण असं प्रत्येक काउंटीत होणार हे त्यांना दिसलं. आयर्लंडमधली बहुतेक फौज तैनात ठेवूनही देश चालवता येणार नाही, यादवी होईल, हे युद्ध पाहिलेल्या वेलिंग्टनला कळत होतं. त्याने राजाला कसंबसं वळवलं. एका लॉर्डने त्याच्यावर दगाबाजीचा आरोप केला, तर पंतप्रधान असताना बॅटरसीच्या मैदानात त्याच्याशी पिस्तुलांचं द्वंद्वही लढला. त्याने आणि पीलने हिंमत दाखवली, हे नाकारायचं कारण नाही.

पण पाच दिवसांत २०५७ माणसांनी जी ताकद दाखवली तिची भीती त्यांना ओकॉनेलपेक्षा जास्त वाटत होती, आणि ती भीती दुसऱ्या कायद्यात उतरली. कारण काय दिलं? की दोन पौंडांचा मतदार स्वतंत्र नसतो, तो दुसऱ्याच्या हुकमाने मत देतो. वॉटरफर्ड आणि क्लेअरच्या आधी तीस वर्षं तो खरोखरच हुकमाने मत देत होता, तेव्हा त्याच्या परावलंबनाची चिंता कुणाला पडली नव्हती. त्याने हुकूम मोडला आणि मगच तो ‘परतंत्र’ ठरला. याच महिन्यांत खुद्द पीलचं काय झालं पाहा. मुक्तीला राजी झाल्यामुळे ऑक्सफर्ड विद्यापीठाची जागा तो हरला, आणि सभागृहात परत आला तो वेस्टबरीतून. ही जागा मनासेह लोपेस नावाच्या धनाढ्याच्या खिशातली, आणि हा गृहस्थ निवडणुकीतल्या लाचखोरीसाठी तुरुंगात जाऊन आलेला. खिशातल्या मतदारसंघातून निवडून आलेला मंत्री आयरिश कुळांच्या मताच्या शुद्धतेची काळजी वाहत होता.

ओकॉनेलने दुसऱ्या कायद्याला विरोध केला, अर्जही केले. पण ज्या यंत्रणेने क्लेअर जिंकलं ती या प्रश्नावर पुन्हा उभी केली नाही. असोसिएशन तर फेब्रुवारीतच विसर्जित झाली होती. त्याच्यापुढे अवघड निवड होती हे खरं. मुक्ती नाकारली असती तर कदाचित आणखी वीस वर्षं गेली असती. तरीही आपल्यासाठी घरदार पणाला लावणाऱ्यांसाठी आणखी एक उन्हाळा लढणं अशक्य नव्हतं, असं मला वाटतं. कायदा होताच इंग्लंडच्या कॅथलिक उमरावांचा मेरुमणी ड्यूक ऑफ नॉरफोक लॉर्डांच्या सभागृहात जाऊन बसला. ओकॉनेलला मात्र सूडबुद्धीने अडवलं गेलं: कायदा मागच्या निवडणुकीला लागू नाही, जुनीच शपथ घ्या. मे महिन्यात सभागृहाच्या टेबलापाशी त्याने शपथेचं कार्ड हातात घेऊन वाचलं आणि सांगितलं की यात एक विधान मला वस्तुस्थिती म्हणून खोटं माहीत आहे, दुसरं मी खरं मानत नाही, म्हणून ही शपथ मी घेत नाही. प्रसंग बाणेदार आहे. तो पुन्हा क्लेअरमधून निवडून आला, या खेपेला बिनविरोध. फक्त एक वर्षापूर्वी ज्यांनी त्याला तिथे पोहोचवलं त्यांतल्या बहुतेकांना आता मत नव्हतं.

त्यांच्या पदरात काय पडलं? आयर्लंडमधले सुमारे ८० टक्के लोक कॅथलिक, पण प्रोटेस्टंट चर्चला दशांश कर ते देतच राहिले. १८३० नंतर त्यावरून गावोगाव रक्तपात झाला, आणि त्या चर्चचा सरकारी दर्जा जायला १८६९ उजाडलं. मत नसलेल्या छोट्या कुळाला जमिनीवर ठेवण्यात जमीनदाराला राजकीय स्वार्थ उरला नाही. वकिलांना न्यायाधीशपदं मिळाली, व्यापाऱ्यांच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या. ते चुकीचं होतं असं नाही, ते अर्धंच होतं. यावर कुणी म्हणेल की ओकॉनेलने पार्लमेंटमधून पुढे कितीतरी मिळवलं, गुलामगिरीविरुद्ध तो ठामपणे उभा राहिला, १८४१ मध्ये डब्लिनचा महापौर झाला. सगळं खरं. पण ३७ हजारांच्या मतदारयादीवर निवडून येणारे आयरिश खासदार कुणाला जबाबदार होते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता एकशे चाळीस वर्षं पुढे येऊ. आयर्लंडची फाळणी होऊन उत्तरेत प्रोटेस्टंट बहुमताचं वेगळं सरकार आलं. त्याचा पंतप्रधान जेम्स क्रेग याने १९३४ मध्ये भर सभागृहात ‘आमचं पार्लमेंट प्रोटेस्टंट आणि आमचं राज्य प्रोटेस्टंट’ अशी फुशारकी मारली. कायद्यात मात्र कॅथलिकाला मत नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिण्याची गरजच नव्हती. विधिमंडळासाठी सर्वांना मत, पण नगरपालिकेसाठी फक्त घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला. ब्रिटनने ही अट १९४५ मध्ये काढली, उत्तर आयर्लंडच्या सरकारने ती ठेवली. म्हणजे आजी, आईबाप, लग्न झालेला मुलगा आणि सून एका छपराखाली राहत असतील तर मतं दोन. पोटभाडेकरूला मत नाही. उलट कंपन्यांना मालमत्तेच्या प्रमाणात सहापर्यंत जादा मतं. विधिमंडळाच्या मतदारांपैकी साधारण चौथा हिस्सा असा नगरपालिकेच्या यादीतून बाहेर होता. त्यात गरीब प्रोटेस्टंटही भरपूर होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या कथनांतून सोयीस्कर गळते.

डेरी शहरात (सरकारी नाव लंडनडेरी) तर वॉर्डरचनेने कळस केला होता. १९६७ च्या यादीत १४,४२९ कॅथलिक मतदार आणि ८,७८१ इतर. वॉर्ड तीन. साउथ वॉर्डात १०,०४७ कॅथलिक आणि १,१३८ इतर कोंबलेले, नगरसेवक आठ. नॉर्थ वॉर्डात २,५३० कॅथलिक आणि ३,९४६ इतर, नगरसेवक आठ. वॉटरसाइडमध्ये १,८५२ आणि ३,६९७, नगरसेवक चार. निकाल कायमचा ठरलेला: युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणारा सत्ताधारी पक्ष, बारा, विरोधक आठ. आपल्याकडे प्रभागरचना जाहीर झाली की हरकती आणि सूचनांचा जो कल्लोळ उडतो, तो अनुभवलेल्या वाचकाला हा नकाशा समजावून सांगायला नको.

यात घरांचा प्रश्न मतांच्या प्रश्नापासून वेगळा करताच येत नाही. नगरपालिकेने कॅथलिक कुटुंबाला घर दिलं की दोन मतं वाढली, आणि साउथ वॉर्डाबाहेर दिलं की बहुमत डळमळलं. मग घरंच बांधायची नाहीत, किंवा त्याच वॉर्डात एकावर एक रचायची. जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात मुलंबाळं असलेली कॅथलिक कुटुंबं ताटकळत असताना एका एकट्या तरुण प्रोटेस्टंट मुलीला घर मिळालं. आमदार ऑस्टिन करी त्या घरात घुसून बसला, पोलिसांनी त्याला बाहेर काढलं. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन मोर्चा निघाला. ५ ऑक्टोबरला डेरीत ड्यूक स्ट्रीटवर पोलिसांनी मोर्चा झोडपला आणि ती दृश्यं टीव्हीवर जगभर गेली. मागणी होती एक माणूस, एक मत. आयर्लंडचं एकीकरण मोर्चेकऱ्यांच्या मागणीपत्रकात नव्हतं. सरकारला मात्र त्यात फितुरीच दिसली.

दर निवडणुकीला व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो: कर भरणाऱ्यांनाच मताचा अधिकार द्या, म्हणजे देश सुधारेल. पाठवणारे सज्जन असतात, शिकलेले असतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की हा प्रयोग झालेला आहे, डेरीत. तिथे कर भरणारेच मत देत होते, आणि शहर काही सुधारलं नाही. आपल्याकडे सायमन कमिशनपुढे १९२८ सालीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला होता. मालमत्तेच्या अटीत अस्पृश्य समाज पुसला जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. १९५२ मध्ये इथल्या भूमिहीन मजुराने मत दिलं, त्या वेळी ब्रिटनचा नागरिक असलेला डेरीचा पोटभाडेकरू आपल्या नगरसेवकासाठी मत देऊ शकत नव्हता.

उत्तर आयर्लंडमध्ये नगरपालिकांसाठी प्रौढ मताधिकाराचा कायदा १९६९ अखेर झाला, आणि त्यानुसार पहिली निवडणूक मे १९७३ मध्ये. वरातीमागून घोडं. तोवर विनाचौकशी स्थानबद्धता आली होती, ३० जानेवारी १९७२ ला डेरीत सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडून तेरा जणांना जागीच मारलं होतं, चौदावा पुढे गेला, आणि ज्या विधिमंडळाने घरपट्टीची अट जिवापाड जपली ते विधिमंडळच स्थगित झालं होतं.

आयर्लंडमध्ये ओकॉनेलला ‘मुक्तिदाता’ म्हणतात. डब्लिनच्या मुख्य रस्त्याला त्याचं नाव आहे, तिथे त्याचा भव्य पुतळा आहे, आणि २०२९ मध्ये पहिल्या कायद्याला दोनशे वर्षं होतील तेव्हा त्याच्या गौरवाची भाषणं होतील. ती व्हावीत. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात विभूतिपूजेविरुद्ध इशारा देताना बाबासाहेबांनी ज्याचं वचन सांगितलं तो हाच ओकॉनेल: कुणीही पुरुष आपल्या सन्मानाच्या किमतीवर कृतज्ञ राहू शकत नाही, कुणीही स्त्री आपल्या शीलाच्या किमतीवर, आणि कोणतंही राष्ट्र आपल्या स्वातंत्र्याच्या किमतीवर. क्लेअरच्या कुळांना हा नियम लावला, तर त्यांनी आपलं मत गमावून ओकॉनेलबद्दल कृतज्ञ राहावं अशी अपेक्षा खुद्द ओकॉनेललाही करता येत नाही.